सायकल घेताना आधी चाक पाहा

विदर्भात उन्हाच्या तडाख्यामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्याच सुमारास पाऊस सुरू होतो आणि घरोघरी एक संवाद ऐकू येतो.

"बाबा, मले ते जाड टायरची, गेअरची सायकल पाह्यजे. वर्गात साऱ्याइच्या तश्याच हायेत."

"अजी, आता घेऊनच द्या पोरीले. किती दिवस चालत जाईन थे?"

बाप मजुरीच्या पैशातून, बचत गटाच्या कर्जातून किंवा उसनवारी करून सायकल आणतो. सायकल दिसायला झकपक असते. लाल-काळा रंग, पुढे स्प्रिंगचा चिमटा, हँडलला गिअरचे खटके. घरची मंडळी तिच्याभोवती गोळा होतात. पुढे श्रावण येतो, पोळा येतो, आणि एक दिवस मागचे चाक डगमगू लागते. ब्रेकची रबरे रिमला घासतात. मग एक तार तुटते, आठवड्याने दुसरी. मिस्त्री चाक हातात धरून फिरवतो, मान हलवतो आणि म्हणतो, "भाऊ, सायकल तं मस्त हाये, पण चाकच कच्चं हाये."

वाचक बंधू-भगिनींनो, अशी गोष्ट अल्लीपूरसारख्या गावात दर पावसाळ्यात घडते. सायकल कोपऱ्यात उभी राहते आणि पोरगी पुन्हा पायी चालू लागते. कधी अंधार पडतो म्हणून, कधी नाल्याला पाणी आहे म्हणून शाळेचा एक दिवस बुडतो, मग दुसरा. सायकलचे चाक बसले की शिक्षणाचेही चाक अडते. म्हणून सायकल कोणत्या कंपनीची, कोणत्या रंगाची, याआधी तिचे चाक कसे आहे हे पाहायला आपण शिकले पाहिजे. हा लेख त्यासाठीच आहे.

इथे डोंगर नाही, चिखल आहे

जाड टायरच्या या सायकलला माउंटन बाइक, म्हणजे डोंगरावरची सायकल म्हणतात. तिचा जन्म अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, मरीन परगण्यात झाला. तिथली काही तरुण मुले १९३०-४० च्या काळातील जुन्या, जड, फुगीर टायरच्या सायकली डोंगरावर नेत आणि कच्च्या वाटेने भरधाव खाली उतरत. १९७६ साली त्यांनी अशा उताराची शर्यत सुरू केली. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबमध्येच असे. उतारावर तो इतका तापे की आतले ग्रीस जळून धूर निघे. प्रत्येक खेपेनंतर हब उघडून नवे ग्रीस भरावे लागे. म्हणून त्या वाटेचे नावच 'रिपॅक' पडले. रिपॅक म्हणजे पुन्हा ग्रीस भरणे. डोंगरी सायकलचा इतिहासच चाकाच्या हबपासून सुरू होतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आपल्या वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट तालुक्यात तसा डोंगर कुठे आहे? अल्लीपूरच्या आजूबाजूला सपाट काळी कापसाची जमीन. आपल्याला त्रास होतो तो चिखलाचा, पांदण रस्त्यावरच्या दगडांचा, उखडलेल्या डांबराच्या खड्ड्यांचा आणि बाभळीच्या काट्यांचा. शिवाय आपली सायकल एकट्याला वाहत नाही. मागे कॅरिअरवर धाकटा भाऊ बसतो, कधी चाऱ्याचा भारा येतो, कधी रेशनचे धान्य. तेव्हा डोंगरी सायकलचे जाड टायर आपल्या कामाचे आहे, पण गिअर आणि स्प्रिंग यांची आपल्याला फारशी गरज नाही. स्वस्त सायकलमध्ये कंपनी गिअर आणि स्प्रिंग देते तेव्हा तो खर्च कुठून तरी वाचवलाच जातो, आणि बहुधा तो रिम, हब आणि तारा यांतून वाचवलेला असतो.

चाक तारांच्या ताणावर उभे असते

बैलगाडीचे चाक आणि सायकलचे चाक यांत मोठा फरक आहे. गाडीच्या चाकाचे लाकडी आरे खालून टेकू देतात. सायकलच्या बारीक तारेला टेकू देता येत नाही, ती लगेच वाकेल. तिला फक्त ओढता येते. सगळ्या तारा रिमला हबकडे सारख्या ओढून धरतात, म्हणून चाक गोल आणि घट्ट राहते. ताणलेल्या तारांच्या चाकाची ही कल्पना इंग्लंडमधील जॉर्ज केली यांनी १८०८ साली मांडली होती. तारा हबला तिरप्या, एकमेकींना ओलांडत बसवण्याची आजची रीत जेम्स स्टार्ली यांनी १८७४ साली आणली.

माणूस सायकलवर बसला की जमिनीजवळच्या तारांचा ताण थोडा कमी होतो. चाक फिरले की त्या पुन्हा ताणल्या जातात. आता थोडा हिशेब करू. २६ इंची जाड टायरचे चाक एका फेऱ्यात साधारण दोन मीटर जाते. शाळा पाच किलोमीटर दूर असेल तर जाऊन-येऊन दहा किलोमीटर, म्हणजे रोज सुमारे ४,९०० फेरे. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर जवळजवळ सव्वा लाख फेरे! तेवढ्या वेळा प्रत्येक तार ढिली होते आणि पुन्हा ताणली जाते.

तारा नीट ताणलेल्या असतील तर हा फरक त्यांना काहीच वाटत नाही. पण त्या ढिल्या असतील तर दर फेऱ्यात त्या पूर्ण सैल पडतात, निप्पल आपोआप उलगडत जाते आणि हबजवळच्या वाकड्या टोकाशी तार पुन्हापुन्हा हलते. लोखंडी तार हाताने इकडून तिकडे वाकवत राहिलो की ती जशी तुटते, तशीच ही तुटते. म्हणजे तार बहुधा ओझ्याने तुटत नाही, ढिलेपणाने तुटते. चांगल्या मालाचे चाकही ढिले बांधले तर टिकत नाही, आणि साध्या मालाचे चाक मिस्त्रीने नीट ताणून बांधले तर वर्षानुवर्षे चालते.

मागचे चाक नेहमी आधी बसते, कारण जास्त वजन त्याच्यावर असते. गिअरच्या सायकलमध्ये आणखी एक अडचण असते. उजव्या बाजूला दात्यांची चकती बसवायला जागा लागते, म्हणून त्या बाजूच्या तारा उभ्या आणि फार ताठ, तर डाव्या बाजूच्या सैल राहतात. एकाच दात्याच्या सायकलला हा दोष फार कमी असतो. आपली जुनी काळी सायकल आठवा. तिच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० तारा असत. ओझे कुठे येते हे जाणूनच ती रचना झाली होती.

रिम : लोखंडी की ॲल्युमिनियमची?

लोखंडी रिम स्वस्त असते. खड्ड्यात चेपली तर मिस्त्री ठोकून पुष्कळ सरळ करतो. पण ती जड असते, मुलामा उडाला की गंजते, आणि सर्वांत मोठा धोका म्हणजे पावसात तिच्यावर ब्रेक नीट लागत नाही. ओल्या गुळगुळीत रिमवरून रबर घसरते आणि सायकल कोरड्या दिवसापेक्षा कितीतरी पुढे जाऊन थांबते. लोखंडी रिम असेल तर पावसात ब्रेक आधीपासून हलका दाबायला मुलांना शिकवा.

ॲल्युमिनियमची रिम हलकी असते, ती लोखंडासारखी गंजत नाही आणि पावसातही तिच्यावर ब्रेक बराच चांगला लागतो. मात्र चिखलाची रेती रबरात अडकून तिची कड झिजवते. म्हणून पावसाळ्यात ब्रेकचे रबर आणि रिमची कड पाण्याने धुवावी, रबरात रुतलेले खडे सुईने काढावेत.

काळ्या रंगाची रिम पाहून ती कशाची आहे हे कळत नाही. खिशात एक छोटे लोहचुंबक न्यावे. ते चिकटले तर रिम लोखंडी.

ॲल्युमिनियमच्या रिममध्येही दोन जाती आहेत, एकपदरी आणि दुपदरी. दुपदरी रिम आतून पेटीसारखी पोकळ असते. पत्रा एकच असण्याऐवजी पेटी असली की ती दगडाच्या माराला आणि कॅरिअरच्या ओझ्याला जास्त दाद देत नाही. ओळखायचे कसे? टायर-ट्यूब उतरवून रिमवरची पट्टी बाजूला करा. निप्पलचे डोके अगदी वर, पत्र्यालगत दिसले तर रिम एकपदरी. डोके खोल भोकात दिसले तर दुपदरी. नवी सायकल असेल तर दुकानदाराला स्पष्ट विचारा. चार पैसे जास्त द्यायचेच असतील तर ते गिअरला न देता दुपदरी रिमला द्या.

मापाचीही एक फसगत सांगून ठेवतो. '२६ इंची' म्हटले म्हणजे सर्व रिमा सारख्या नसतात. २६ × १.९५ लिहिलेले जाड टायर ५५९ मिलिमीटरच्या रिमवर बसते, तर २६ × १ ३/८ चे बारीक टायर ५९० मिलिमीटरच्या रिमवर. एकाचे टायर दुसऱ्याला बसत नाही. जुन्या काळ्या सायकलचे २८ × १ १/२ चे टायर ६३५ मिलिमीटरच्या रिमचे असते. टायरच्या कडेवर ५०-५५९ असा आकडा पाहायला मिळतो. त्यातला दुसरा आकडा रिमचा. टायर आणायला कोणाला शहरात पाठवाल तेव्हा हा आकडा कागदावर लिहून द्या. साडेसत्तावीस आणि एकोणतीस इंची सायकली घेण्याआधी आपल्या गावच्या मिस्त्रीकडे त्या मापाचे टायर-ट्यूब मिळते का, हे विचारून घ्या. जो माल गावात मिळत नाही त्यासाठी एक दिवसाची मजुरी बुडते.

हब : चाकाचे पोट

हब म्हणजे चाकाचा मधला भाग. त्यात ॲक्सल, दोन्ही बाजूंना वाटीसारखे कप, त्यांवर कोन, आणि मध्ये छर्रे असतात. साधारणपणे पुढच्या हबमध्ये एका बाजूला दहा बारीक छर्रे असतात, मागच्या हबमध्ये एका बाजूला नऊ मोठे. ग्रीस असेल तोवर छर्रे लोण्यासारखे फिरतात. ग्रीसमध्ये पाणी आणि माती गेली की तेच छर्रे कप आणि कोन खरवडू लागतात. नाल्याच्या पाण्यातून सायकल नेली आणि हब बुडाला, तर त्याच आठवड्यात तो उघडून पुसून घ्यावा.

हब पाहण्याच्या दोन सोप्या परीक्षा आहेत. चाक उचलून रिम वरच्या बाजूला धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. खटखट जाणवली तर कोन ढिला आहे. मग चाक हळू फिरवून सोडा. ते शेवटी झुलत झुलत, व्हॉल्व्ह खाली घेऊन थांबले तर ठीक. मध्येच अडकून थांबले किंवा रवाळ आवाज आला तर कोन जास्त आवळलेला आहे किंवा आत घाण आहे. कोन ना ढिला हवा, ना घट्ट. या एका गोष्टीवर हबचे आयुष्य ठरते.

बऱ्याच जणांना हबमध्ये पातळ तेल सोडण्याची सवय असते. ज्या जुन्या हबला तेलाचे भोक आणि त्यावर पत्र्याची झाकणी आहे, तो तेलासाठीच केलेला असतो. पण ग्रीसच्या हबमध्ये पातळ तेल गेले की ते ग्रीसच धुऊन काढते.

महागड्या सायकलींत सीलबंद बेअरिंग येते. त्यात पाणी लवकर शिरत नाही, पण खराब झाले की अख्खे बदलावे लागते आणि नेमके माप मिळावे लागते. सुटे छर्रे, कप आणि कोन हा आपल्या खेड्याचा माल आहे. तो सहज मिळतो आणि पाना धरता येणाऱ्याला दुरुस्त करता येतो.

गिअरच्या स्वस्त सायकलमध्ये मागचा ॲक्सल वाकतो, कधी तुटतो. सहा-सात दात्यांची फ्री व्हील हबवर आटे देऊन बसवलेली असते, त्यामुळे उजवीकडचे छर्रे आतल्या बाजूला राहतात आणि ॲक्सलचा बराच तुकडा आधाराविना बाहेर राहतो. कॅरिअरवर माणूस बसवून खड्ड्यात गेले की मार त्या तुकड्यावर बसतो. आपल्या सपाट रस्त्याला एका दात्याची सायकल पुरते, आणि तिचा हब जास्त दिवस टिकतो.

दुकानात ही तपासणी करा

१. चाक फिरवून ब्रेकच्या रबराजवळ नजर ठेवा. रिम दोन मिलिमीटरपेक्षा जास्त इकडे-तिकडे होत असेल तर तिथेच आऊट काढून मागा.

२. शेजारच्या दोन-दोन तारा चिमटीत दाबा. सगळ्या सारख्याच ताठ लागल्या पाहिजेत. एका बाजूच्या तारा बोटाने छेडल्या तर आवाजही जवळजवळ सारखा यावा. भद्द वाजणारी तार ढिली असते.

३. तारा मोजा. जाड टायरच्या सायकलला प्रत्येक चाकात ३६ तारा असणे चांगले. तारा जेवढ्या कमी, तेवढा प्रत्येकीवर भार जास्त.

४. तारेची जाडी विचारा. १४ गेजची तार दोन मिलिमीटरची असते. त्याहून बारीक तार कॅरिअरच्या सायकलला नको.

५. तारांऐवजी मोटारसायकलसारखे ओतीव चाक असेल तर मोहात पडू नका. तार तुटली तर एक तार बदलता येते, ओतीव चाक तडकले तर अख्खे चाक जाते.

६. टायर आणि मडगार्ड यांच्यात बोटभर जागा आहे का पाहा. नाहीतर काळी माती अडकून चाक जाम होईल.

७. पक्की पावती घ्या आणि पहिल्या महिन्यानंतरची फुकट दुरुस्ती पावतीवर लिहून घ्या. नव्या चाकाच्या तारा पहिल्या महिना-दीड महिन्यात जागेवर बसतात आणि थोड्या सैल पडतात. त्या वेळी एकदा आवळून घेतलेले चाक पुढे फारसे त्रास देत नाही. बहुतेक चाके बिघडतात ती ही पहिली आवळणी चुकल्यामुळे.

डिस्क ब्रेकविषयीही मुले आग्रह धरतात. त्याचा फायदा असा की रिम थोडी आऊट झाली तरी ब्रेक घासत नाही आणि चिखलाने रिम झिजत नाही. पण त्याची चकती वाकते आणि त्याचे पॅड निराळे असतात. ते गावात मिळत असतील तरच विचार करा.

पावसाळ्यानंतरचा एक रविवार

चाक टिकवण्याचे काम दुकानात संपत नाही, घरी सुरू होते. दर आठवड्याला हवा पाहा. हवा कमी असली की दगडावर टायर दबून रिमलाच मार बसतो, तिला चेप पडतो आणि ट्यूब चिमटली जाते. तार तुटली तर दुसऱ्याच दिवशी बदला. एकीचा भार शेजारणींवर पडतो आणि त्याही तुटतात. एकामागून एक तारा तुटू लागल्या तर सगळ्याच थकल्या आहेत असे समजा आणि चाक नव्या तारांनी बांधून घ्या. ते स्वस्त पडते.

दसरा-दिवाळीच्या दरम्यान, पाऊस संपल्यावर, एक रविवार सायकलला द्या. दोन्ही हब उघडा. छर्रे एका ताटलीत काढा, डिझेलने धुवा, कपड्याने पुसा. खड्डे पडलेला कोन आणि डाग पडलेले छर्रे बदला. नवे ग्रीस भरा. याला लागतो एक पातळ पाना, एक स्पोकची चावी आणि ग्रीसची डबी. शेजारच्या चार घरांनी मिळून हे सामान घेतले तरी चालेल. मुलाइतकेच मुलीलाही या कामाला बसवा. जिची सायकल आहे तिला तिचे चाक उघडता आले पाहिजे.

आऊट काढणेही अवघड नाही. सायकल उलटी ठेवा, चाक फिरवा. रिम डावीकडे येत असेल तर त्या जागी उजवीकडची निप्पल पाव फेरा आवळा आणि डावीकडची पाव फेरा ढिली करा. टायरच्या बाजूने पाहिले असता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवले की निप्पल आवळते. घाई करू नका. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही.

सायकल म्हणजे शाळेचा रस्ता

२०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. कोरोनाने बंद पडलेल्या शाळा नुकत्याच उघडल्या होत्या आणि खेड्यातल्या मुलांना न्यायला गाडी नव्हती. ज्यांच्या घरी चालू सायकल होती त्यांचा रस्ता मोकळा राहिला. हे आपण डोळ्यांनी पाहिले आहे.

मुलींच्या हाती सायकल दिली की काय होते, याचा दाखला बिहारने दिला. तिथे २००६ साली नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्याची योजना सुरू झाली. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला तेव्हा मुलींचे माध्यमिक शाळेतील प्रवेश सुमारे ३२ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले. आपल्या राज्यातही मानव विकास कार्यक्रमात १२५ तालुक्यांतील आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी मदत मिळते. २०२२ साली ती रक्कम ३,५०० वरून ५,००० रुपये करण्यात आली. आपला तालुका आणि आपली मुलगी त्यात बसते का, हे शाळेत मुख्याध्यापकांना जरूर विचारा.

पण हाती आलेला पैसा, मग तो सरकारचा असो की घामाचा, झगमगाटावर जाऊ देऊ नका. साधी, एका दात्याची, ३६ तारांच्या मजबूत चाकाची सायकल दिसायला साधी असेल, पण ती आठवीत घेतली तर बारावीपर्यंत साथ देईल. घरात जुनी काळी सायकल पडून असेल तर तीही भंगारात टाकू नका. तिची चाके नव्याने बांधून पाहा.

आणखी एक सांगायचे आहे. चाक बांधणारा, आऊट काढणारा चांगला मिस्त्री आता खेड्यात शोधावा लागतो. आपल्या वस्तीतील एखाद्या होतकरू मुलाने किंवा मुलीने हे काम शिकून घेतले तर एका पेटीत मावणाऱ्या हत्यारांवर घरबसल्या धंदा उभा राहील, आणि साऱ्या गावच्या मुलांचे शाळेत जाणे चालू राहील.

येत्या जूनमध्ये सायकल घ्यायला जाल तेव्हा खिशात लोहचुंबक ठेवा आणि मुलीला सोबत न्या. रंग तिला निवडू द्या. चाक मात्र दोघांनी मिळून फिरवून पाहा.